दोन सूत

जालना जिल्हा झाला त्याच वर्षी माझं लग्न झालं, आणि लग्नानंतर पंधरा वर्षांनी आमच्या घरी विमान आलं. तीन लाकडी खोक्यांमधून आलं. ट्रकवाला म्हणाला, "वहिनी, काय माल हाय हा? बिलकुल वजन न्हाई." मी खोकी मोजली, पावतीवर सही केली आणि "सामान आहे" एवढंच सांगितलं. विमान म्हणायची लाज वाटली.

विमान म्हणजे एका माणसापुरतं. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, स्कूटरच्यापेक्षा थोडं मोठं इंजिन, आणि पंखांना कापड. बंगळूरच्या एका माणसानं घरी जोडायचं म्हणून परदेशातून मागवलं होतं आणि अर्ध्यात कंटाळून सोडून दिलं होतं. आमच्या यांना ते कळलं कुठून, हे मी कितीदा विचारलं. "कळलं," एवढंच उत्तर मिळायचं. यांचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. शेतकरी जळलेल्या पंपाच्या मोटारी घेऊन यायचे, हे तांब्याची तार गुंडाळून त्या परत चालू करायचे. हातात कसब होतं, यात शंका नाही. शंका मला दुसऱ्याच गोष्टीची होती.

त्यासाठी आधी सूत सांगायला हवं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जालना हे सळयांचं गाव. कागदावर काहीही लिहिलेलं असो, तोंडात सूतच असतं. तीन सूत सळई, चार सूत सळई. सुतार सुतात बोलतो, शिंपी सुतात बोलतो. आणि आमच्या घरात तर एक गोष्टच सुतात होती. हे एकोणीस वर्षांचे असताना औरंगाबादला हवाई दलाच्या भरतीला गेले होते. पेपर पास झाले, धावणं पास झाले, आणि उंचीत बसले नाहीत. किती कमी पडली, ते भरतीवाल्यांनी कशात मोजलं देव जाणे, पण घरी येऊन यांनी सांगितलं, "दोन सूत." सासूबाई तेव्हापासून ते स्वतःवर घेऊन बसल्या होत्या. पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणायच्या, "पोराचा काय दोष? माझ्याच पोटात दोन सूत कमी पडलं."

म्हणजे या विमानातून यांना काय हवं होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. एकदा वर जायचं होतं. मला काय हवं होतं तेही तितकंच सरळ होतं. हे खाली राहायला हवे होते. दोन मुली शाळेत होत्या.

मी एकदाच नीट विरोध केला. खोकी उघडली त्या रविवारी.

"हे खरंच उडणार?"

"उडायलाच बनवलंय ना."

"आणि पडलं तर?"

"पडत न्हाई ते. इंजिन बंद पडलं तरी घारीसारखं तरंगत खाली येतं. पुस्तकात लिवलंय."

"पुस्तक लिहिणारा कधी पडला होता का, ते लिहिलंय?"

हे हसले. बंगळूरला त्या माणसाकडे आठ दिवस राहून उडवायला शिकून आलो आहोत, असं यांचं म्हणणं होतं. आठ दिवसांत माणूस विहिरीत पोहायला शिकत नाही. सरकारची परवानगी लागते, हे मी काढलं, तर "आधी बनू तर दे." मग यांनी ते पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवलं. इंग्रजी, झेरॉक्स केलेलं, दीडशेच्या आसपास पानं, कुठे कुठे शाई पुसट. म्हणाले, "यादी तू कर. तुझ्याबिगर हे व्हायचं न्हाई."

इथे मी हरले. मी एका सरकारी कार्यालयात भांडार सांभाळायची. झाडूपासून टाइपरायटरच्या फितीपर्यंत प्रत्येक वस्तूला माझ्याकडे नोंद होती. समोर सुटे नट-बोल्ट पडलेले आणि कुणीच ते मोजलेले नाहीत, हे मला बघवत नाही. त्याच आठवड्यात मी रद्दी फायलींचे पुठ्ठे कापून कार्डं केली. एका कामाला एक कार्ड. वर कामाचं नाव, खाली लागणारं सामान, माप, कुणी करायचं, आणि कोपऱ्यात बरोबरची खूण करायला चौकोन. सगळं मराठीत, आणि मापं सुतात, कारण घरातल्या प्रत्येकाला सूत कळत होतं. एकशे सव्वीस कार्डं झाली. शेवटच्या कार्डावर एकच शब्द होता, उड्डाण. ते लिहिताना मी पेन खाली ठेवून आधी चहा केला.

त्यानंतरचं दीड वर्ष विचित्र गेलं. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी काम चाले. जाफराबादजवळ शेती करणारे माझे दीर जीपनं यायचे, सोबत कधी वांगी, कधी तुरीच्या शेंगा. मागचं चाक बसवताना त्यांनी विचारलं, "वहिनी, ह्याला वखर जोडता येईल का? न्हाई, दादा वर गेल्यावर खाली काम पडून ऱ्हातं, म्हणून म्हणून राह्यलो."

"भाऊजी, नट धरा."

"धरला की. पण तुम्ही आन्‌ दादा दोघंबी घाबरून राह्यले, मी एकटाच मजेत हाय."

यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नाही. घाबरत मी होते. एक कार्ड पूर्ण झालं की चौकोनात खूण करायची, आणि दर खुणेला तो दिवस जवळ यायचा. काम वाईट करणं मला जमत नव्हतं आणि चांगलं करणं परवडत नव्हतं. एक बोल्ट हरवला तेव्हा मी तो दोन दिवस शोधला. सापडला तेव्हा हातात धरून शेडच्या दारात बराच वेळ उभी राहिले. मग नेऊन दिला.

पंखांचं काम सासूबाईंकडे होतं. पंखाचा सांगाडा नळ्यांचा, आणि उशीला अभ्रा घालतात तसा त्यावर कापडाचा अभ्रा चढवायचा. कापड पातळ, पांढरं, कडक, हाताला कागदासारखं. मापात कापून आलेलं होतं, शिवायचं तेवढं बाकी. सासूबाईंनी आयुष्यभर आळीतल्या बायकांची पोलकी शिवली होती. पायाचं मशीन शेडमध्ये हलवलं आणि मी कार्डं त्यांच्यासमोर खिळ्याला अडकवली. दाब चार सूत, म्हणजे शिवणीच्या आत अर्धा इंच कापड सोडायचं. टाका दोन सूत.

पंधरा दिवस मशीन चालू होतं. मी ऑफिसातून आले की चहा घेऊन तिथे जायची. सासूबाई नाकावर चष्मा ओढून बसलेल्या असायच्या. म्हणायच्या, "एवढी बारीक शिवण म्या सोत्ताच्या लग्नाच्या चोळीला घातली न्हवती." मुलाची दोन सुतं त्या फेडत होत्या, हे मला दिसत होतं. म्हणून मी मध्ये तपासलं नाही. ही माझी चूक, आणि ती पहिली नव्हती.

शिवण पूर्ण झाल्यावर तपासायचं वेगळं कार्ड होतं. सासूबाई शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. मी पट्टी घेऊन बसले. पुस्तकाप्रमाणे एका इंचात चार टाके हवे होते. मी मोजले ते अकरा. दुसरीकडे मोजले, अकरा. आणि शिवण एकेरी नव्हती, शेजारी शेजारी दोन ओळी होत्या.

त्या परत आल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत्याबाई, हे दोन दोनदा का शिवलं?"

"तूच ना लिवलं, दोन सूत. मंग दोन सूत घातलं." सूत म्हणजे धागा, हेही खरंच. "एक सूत तुटलं तर दुसरं धरंल. शानी बाई हायेस तू, बराबर लिवलं व्हतंस."

टाका दोन सूत लांब, म्हणजे पाव इंचाचा टाका, असं मला म्हणायचं होतं. एवढा लांब टाका म्हणजे कच्चा धागा, नंतर उसवायचा, हे कुठलीही शिवणारी बाई सांगेल. चांगला टाका बारीक असतो. दाबाचं माप त्यांनी बरोबर माप म्हणूनच वाचलं होतं. टाक्याला माप असतं हे त्यांना कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं. मी त्यांच्यापुढे फक्त एक पुठ्ठा टांगला होता.

पुस्तकात टाका लांब का हवा ते एका ओळीत लिहिलं होतं. या कापडाला जितकी भोकं जास्त तितकं ते कमजोर. ती ओळ मी कार्डावर घेतली नव्हती. जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. सासूबाईंनी सरावाला शिवलेले उरलेले तुकडे होते, तशीच दुहेरी बारीक शिवण घातलेले. त्यातली एक पट्टी शेडच्या आडव्या लाकडाला बांधली आणि खाली बादली अडकवली. पुस्तकातलं वजन मी पाण्यात बदलून घेतलं होतं. दोन भरलेल्या बादल्या पेलायला हव्या होत्या. तांब्यानं पाणी ओतत गेले. पहिली बादली भरायच्या आत पट्टी गेली. धागा तुटला नाही. कापड भोकांच्या रांगेवर सरळ फाटलं, कंडक्टर गठ्ठ्यातून तिकीट फाडतो तसं.

मी ओल्या पायांनी तिथेच उभी होते, आणि मला हायसं वाटलं. सगळ्यात आधी तेच वाटलं. आता हे वर जात नाहीत, असं. सासूबाईंचे पंधरा दिवस, यांची दीड वर्षं, हे सगळं नंतर आठवलं. हा क्रम मी इथे लिहून ठेवते आहे, कारण तो मी कुणालाही सांगितलेला नाही.

न सांगण्याचा प्रश्नच नव्हता. या शिवणीवर हे वर गेले असते तर काय झालं असतं, ते बादलीनं दाखवलं होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? सासूबाईंनी चुकीचं शिवलं असं सांगितलं तर ते खोटं. माझ्या कार्डावर चुकलं असं सांगितलं तर ते खरं, पण ज्या बाईला विमान उडायला नको होतं तिच्याच कार्डावर चुकलं. एकशे सव्वीस कार्डांत नेमकं पंखाच्याच कार्डावर. मी स्वतः ऐकलं असतं तर माझा विश्वास बसला नसता.

हे दुकानातून आले तसं मी यांना शेडमध्ये नेलं. फाटलेली पट्टी दिली, मोजपट्टी लावून टाके दाखवले, कार्ड काढून हातात दिलं. यांनी कार्ड दोनदा वाचलं.

"तू लिवलं हे?"

"हो."

"मुद्दाम?"

"नाही हो."

हे माझ्याकडे बघत राहिले. माझं उत्तर खरं होतं. पण सकाळचं हायसं वाटणं चेहऱ्यावरून गेलं नसणार. माझ्या चेहऱ्यावरून काहीच लवकर जात नाही. यांनी काय पाहिलं मला माहीत नाही. मी आणखी काही बोलायला गेले असते तर ते सारवासारव केल्यासारखं झालं असतं, म्हणून मी कार्डं सारखी करत बसले.

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. पट्टी यांच्या हातात होती.

"काय झालं रं? शिवण कच्ची निघाली का?"

त्यांचा चेहरा पाहून मी म्हणणार होते, नाही आत्याबाई, माझं कार्ड. पण हे आधी बोलले.

"शिवण पक्की हाय, माय. कापडच खराब निघालं. बंगळूरवाल्यानं फसवलं."

सासूबाईंनी श्वास सोडला. "मला वाटलंच व्हतं! हाताला लागून राह्यलं व्हतं ना, निसरडं, थंडगार. ते काय कापड हाय?" मग माझ्याकडे वळून, "आन्‌ तू यादी करतीस एवढी, कापड पारखून घ्यायचं लिवलं न्हाई का?"

"राहिलं," मी म्हटलं.

त्यानंतर आम्ही जे करता येईल ते सगळं केलं. शिवण उसवली, तर भोकं तशीच राहिली. त्या कापडाला टोचलेलं बुजत नाही. भोकांच्या आतून नवी शिवण घ्यायची तर दर शिवणीला दोन सूत कापड आत जाणार होतं. एका पंखाला अकरा शिवणी, म्हणजे बावीस सूत, पावणेतीन इंच. तेवढा आखूड अभ्रा सांगाड्यावर चढत नव्हता. यांनी वरून पट्ट्या चिकटवून पाहिल्या, दोन प्रकारचे गोंद वापरले. मी दर वेळी बादली अडकवली, दर वेळी पाणी जमिनीवर. बंगळूरला पत्र टाकलं. तिकडून आलं, ते कापड आता मिळत नाही. मी मुंबईच्या, दिल्लीच्या मिळतील त्या पत्त्यांवर पत्रं टाकली, कार्बन ठेवून. एकानं ताडपत्रीचा नमुना पाठवला. ती पत्रं मी मनापासून लिहिली होती. आणि नकार आला की मनापासून बरं वाटायचं. दोन्ही करणारी बाई एकच.

यांच्यासमोर पाकीट उघडताना मी चेहऱ्यावर काहीच येऊ नये म्हणून जपायची. त्यानं उलट जास्तच दिसत असणार.

शेवटी एका हिवाळ्यात सांगाडा ट्रॉलीवर घालून दिरांच्या शेतात नेला. कपाशी निघालेली, एक पट्टा मुरमाड, सपाट. पंख नव्हतेच, नुसत्या नळ्या, खुर्ची, इंजिन. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. गावातली माणसं बांधावर जमली. एक म्हातारबा म्हणाले, "इमान म्हणता, आन्‌ पंख कुठंय त्याचे?"

"धुवायला टाकलेत," दीर म्हणाले.

हे त्या पट्ट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. पाच फेऱ्या. मी मोजत होते. शेवटच्या फेरीला वेग इतका होता की चाकं जमिनीला लागतात की नाही कळेना, आणि तरी ती लागलेलीच होती. उतरून यांनी टोपी काढली, इंजिनावर हात ठेवला, दिरांना म्हणाले, "बराबर चालतंय." माझ्याकडे आले नाहीत. मी इंजिनाच्या चाचणीच्या कार्डावर खूण केली. उड्डाणाचं कार्ड पिशवीतच होतं.

मग विमान हळूहळू घरात मुरलं. इंजिन दुकानात पोत्याखाली. पंखाची लांब नळी गच्चीवर आडवी बसली, तिच्यावर आमचे कपडे वाळतात. गंज धरत नाही. कापड दिरांनी नेलं, खळ्यावर धान्य झाकायला. सासूबाईंनी नेण्याआधी उसवलेल्या शिवणी परत घालून दिल्या, तशाच बारीक, तशाच दुहेरी. धान्य झाकायला लांबीची अडचण नव्हती.

आणि एक चेष्टा राहिली. मी यांच्या हातात कसलीही यादी दिली, किराण्याची असो की लग्नाच्या आहेराची, की हे विचारतात, "सूत म्हंजे कोणतं सूत?" पाहुणे हसतात. मुली हसतात. मीही हसते. दर वेळी यांच्या डोळ्यांकडे बघते, ही चेष्टाच आहे की दुसरं काही, आणि मला कळत नाही. विचारता येत नाही. "मुद्दाम?"चं उत्तर मी एकदा दिलं होतं. तेच दुसऱ्यांदा दिलं तर ते आणखी खोटं वाटणार.

काही वर्षं गेली. सोयाबीन निघायच्या दिवसांत आम्ही तिघं दिरांकडे गेलो होतो. सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा लावून त्या बाजेवर बसलेल्या. दुपारी ढग आले, वारा सुटला. मळलेलं सोयाबीन उघड्यावर पडलेलं.

"वहिनी, जल्दी!" दिरांनी ते पांढरं कापड काढलं. एका कडेला मी आणि जाऊबाई, समोर हे आणि दीर. ढिगावर ओढलं तोच खालून वारा शिरला.

कापड फुगलं. गच्च, गोल, हातातून ओढून नेणारं. ते पंखावर चढलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. माझ्या टाचा उचलल्या गेल्या. आणि मग मधल्या शिवणीवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, टर्रकन फाटलं. धागे शाबूत होते, कापड त्यांच्या कडेनं सरळ गेलं होतं.

"बघा!" सासूबाई बाजेवरून ओरडल्या. "मी म्हणलं न्हवतं? शिवण हलली का? कापडच दगाबाज!"

यांच्या हातात अर्धं कापड होतं, माझ्या हातात अर्धं. मध्ये सोयाबीनचा ढीग. यांनी फाटलेली कड बघितली. मग मान वर केली, ढगांकडे, बराच वेळ. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हे काहीतरी म्हणतील. इतक्या वर्षांनी, आता.

पहिले थेंब पडले.

"किती दगड लागतील?" यांनी विचारलं.

कापडाचे दोन तुकडे झाले होते, त्यामुळे कडा वाढल्या होत्या. मी नजरेनं मोजलं. "चौदा."

हे बांधाकडे पळाले आणि एकेक करून दगड आणत राहिले. चौदा आणले. मी हात दाखवीन तिथे हे ठेवत गेले, आणि पंधरावा आणायला गेले नाहीत.